हेलन स्ट्रीटवरचा उलटा शिक्का

१

बुधवारी सकाळी हेलन स्ट्रीटवरचा फुटपाथ चोरीला गेलेला आढळला.

सगळा नाही, एकच लादी. तीन फूट बाय तीन फूट, बाराशे चौदा नंबरच्या घरासमोरची. पण वसाहत मंडळाचे अध्यक्ष वेंडेल लिंडक्विस्ट इतके हादरले होते, की पोलिसांना फोन लावल्यावर ‘लादी’ हा शब्द त्यांना आठवलाच नाही.

“फुटपाथ चोरीला गेलाय,” ते म्हणाले.

पलीकडच्या पोलिसाने विचारलं, “सर, तुम्ही आत्ता कशावर उभे आहात?”

“उरलेल्यावर.”

“वर्णन सांगा.”

“करडा. चौकोनी.”

पोलीस म्हणाला, तसा काही आढळला तर कळवतो.

लिंडक्विस्टांना वेडं ठरवायची घाई नको. खाडीच्या पूर्वेकडच्या या शहरात जुन्या ठेकेदारांनी ओल्या सिमेंटमध्ये आपलं नाव आणि साल उमटवून ठेवलंय. असे चार हजार शिक्के लिंडक्विस्टांनी टिपलेत. सख्ख्या बहिणीचे त्यांच्याकडे सहा फोटो आहेत, आणि त्यांतल्या दोनांत ती फुटपाथ झाडताना दिसते. चोरीला गेलेल्या लादीवर शिक्का होता ‘एम. आझेवेदो, १९२६’. शनिवारी तिच्याशेजारी पितळी पाटी लागायची होती: ‘तेरा गल्ल्यांचे फुटपाथ ज्यांच्या हातांनी घडले, ते मॅन्युएल आझेवेदो.’

हा मजकूर मॅन्युएलची पणती रेनाता हिने लिहिला होता, म्हणून तिला बोलावलं. शिवाय ती विमा कंपनीत फुटपाथवर पडलेल्यांचे दावे तपासायची. माणूस आधी पडला आणि मग वकिलाकडे गेला, की आधी वकिलाकडे गेला आणि मग पडला, हे ती लाद्यांची उंची मोजून सांगायची. तिची आई म्हणायची, हिला नवरा भेटला तरी आधी त्याचे बूट दिसतील.

“चोर कोण ते मला माहीत आहे,” लिंडक्विस्ट हळूच म्हणाले आणि बाराशे चौदाच्या ओसरीकडे डोळ्यांनी खुणावलं. तिथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिस ओडेसा प्रूइट कॉफी पीत या दोघांकडे बघत होत्या. “गेल्या बैठकीत ही बाई काय म्हणाली? माझ्या दारात आझेवेदोचं नाव पितळेत लागलं, तर मी पाटीही ठेवणार नाही आणि लादीही. चाळीस वर्षं एकच धोशा, की हे फुटपाथ तिच्या बापाने घातले.”

“दोनशे किलोची लादी त्यांनी उचलली?”

“तिला पुतणे आहेत.”

“कुठे असतात?”

“अटलांटाला.”

“म्हणजे विमानाने येऊन लादी घेऊन गेले.”

“शक्यता नाकारता येत नाही,” लिंडक्विस्ट गंभीरपणे म्हणाले.

रेनाता खड्ड्याशी उकिडवी बसली. चारी कडा करवतीने पाव कापावा तशा सरळ. तळाशी वाळू सपाट केलेली. कुणी पडू नये म्हणून दोन नारिंगी शंकूही ठेवलेले. इतका सभ्य चोर तिने आजवर पाहिला नव्हता.

शेजारच्या लादीवर पांढऱ्या रंगाची एक शेपटी होती. मूळ खूण चोरीच्या लादीवर असणार, हे तिचं बाहेर घसरलेलं टोक. त्या शेपटीवरून पाणीखात्याची निळी रेघ गेली होती आणि निळ्या रेघेशेजारी तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची.

“शनिवारपर्यंत लादी आली नाही,” लिंडक्विस्ट म्हणाले, “तर पाटी लावताना मी सगळ्यांसमोर त्या बाईचं नाव घेणार.”

ओसरीवरून आवाज आला. “आझेवेदोची पोर ना गं तू? ये वर. मला तुला काहीतरी विचारायचंय.”

२

ओसरीच्या पाच पायऱ्या चढताना रेनाताचे कान तापले. ती नऊ वर्षांची असल्यापासून दर रविवारी नॉर्बर्टकाका शिक्के दाखवत लोकांना फिरवायचा. तिओ नॉर्बर्ट. घरात सगळे पोर्तुगीज रीतीने त्याला तिओच म्हणत. तो शहराच्या नगरपालिकेत फुटपाथ इन्स्पेक्टर होता. या घरासमोर तो थांबायचा, कारण मॅन्युएलचे सगळे शिक्के रस्त्यात उभं राहून वाचता येत, आणि हा एकच उलटा होता. घराकडून बघावं तेव्हा सुलटा. “आजोबा त्या दिवशी घरची वाईन चढवून आले होते,” तो म्हणायचा आणि लोक हसायचे. मग ओसरीवरून ओडेसाबाई म्हणायच्या, “हा फुटपाथ माझ्या बापाने घातलाय.” तिओ हॅट उचलायचा. “हो, मिस ओडेसा, आणि खाडीवरचा पूलही त्यांनीच!” लोक आणखी हसायचे. रेनाताचं हसू सगळ्यांत मोठं असायचं, कारण समोरचे दात पडलेले असूनही ती तोंड झाकत नसे.

“बस,” ओडेसाबाई म्हणाल्या आणि रताळ्याचं सारण भरलेल्या गोड ‘पाय’चा तुकडा पुढे ठेवला. “खा. विष घालण्याइतकी माझी नजर राहिलेली नाही. काल दिवसभर डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. परत आले तर दारात भोक, आणि आज सकाळी भोकाशेजारी लिंडक्विस्ट. आता सांग, कुठाय माझी लादी?”

“मला वाटलं, मी विचारायला आले.”

“त्या लादीवर माझ्या बापाचं नाव आहे, पोरी. एझ्रा प्रूइट. उभ्या शहरात त्या नावाची तेवढी एकच खूण आहे. बैठकीत बोलले ते रागाने, पण मी ती कशाला चोरू?”

रेनाताने तो तुकडा तोंडात घातला, म्हणजे लगेच बोलावं लागणार नव्हतं.

“शहराचं काम घ्यायचं तर परवाना लागायचा,” बाई सांगू लागल्या. “परवान्याला दोन जामीन. सव्वीस साली एका काळ्या गवंड्याला जामीन राहणारे दोन जण शोधण्यापेक्षा दोन हत्ती शोधणं सोपं. तुझ्या पणजोबाकडे परवाना होता. पाठही होती, पण ती वाकायची नाही. मग थापी माझ्या बापाची आणि शिक्का आझेवेदोचा. तेरा गल्ल्या. शिक्का तो घरी घेऊन जायचा, चांदीचे चमचे न्यावेत तसा. बापाने शेवटी स्वतःच लाकडाची अक्षरं कोरली. घराच्या दारातली ही लादी घातली तेव्हा तिच्यात आपलं नाव दाबलं. त्या दिवशी आईने कोंबडी केली होती. तुझा पणजोबा इथेच जेवला, दोनदा वाढून घेऊन.”

“पण नाव तर...”

“दिसत नाही, असंच ना? चार वर्षांपूर्वी मी शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं, वर पाणी ओतलं. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात खालचं नाव उठून आलं. लिंडक्विस्टला सांगितलं. तो आला दुपारी बाराला, बसून जेवून. म्हणाला, दिसत नाही. फोटो काढ म्हणशील, तर माझा फोन भिंतीला असतो. मग मी शहराला पत्र लिहिलं. शहराचा माणूस आला, सकाळी सातला. त्याने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग पांढरी खूण केली आणि म्हणाला, काळजी करू नका, आता याला कुणी हात लावणार नाही.”

रेनाताचा काटा ताटलीवर वाजला. “कोण होता तो?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“चाळीस वर्षं मी नावं घेतली, पोरी,” त्या म्हणाल्या. “आता तू शोध आणि तू घे.”

३

शुक्रवारी सकाळी लिंडक्विस्टांच्या परसात अकरा लाद्या निघाल्या.

“दत्तक घेतल्यात!” ते ओरडले. “कचऱ्यात टाकलेल्या! प्रत्येकीची नोंद आहे!” रोज सकाळी ते १९११ सालच्या एका लादीवर अंडं खायचे आणि मिठाची बरणी शिक्क्यावर येणार नाही याची काळजी घ्यायचे. बारावी लादी कुठेच नव्हती. रेनाताला वाईट वाटलं. चोर लिंडक्विस्टच निघाले असते तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

“त्या लादीचा जुना फोटो आहे तुमच्याकडे?”

होता. पाच वर्षांपूर्वीचा, त्यांच्या फोनमध्ये. शिक्का उलटा, खाली शेवाळ. लिंडक्विस्टांनी माप दिसावं म्हणून शेजारी एक संत्रं ठेवलं होतं. रेनाताने शिक्का पाहिला नाही. सवयीने कडा पाहिल्या. लादी शेजारणीशी ताटासारखी सपाट. तडा नाही, झाडाच्या मुळाचा धक्का नाही, ठेचकाळायला नखभरही उंचवटा नाही. संत्रंसुद्धा घरंगळलं नव्हतं.

तिने फोन खाली ठेवला.

“मिस्टर लिंडक्विस्ट, चोराने शंकू का ठेवले?”

“सवयीचा भामटा असेल.”

“सवय आहे, पण शंकूंची. सरळ कापणं, वाळू भरणं, शंकू ठेवणं, हे कोण करतं? शहराच्या कामगारांची टोळी. लादी शहरानेच नेली.”

लिंडक्विस्टांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. “रेनाता, शहर चार वर्षांच्या आत काहीही करत नाही.”

“चार वर्षंच झालीत,” रेनाता म्हणाली. “शेपटी निळ्या रेघेच्या खाली आहे, आणि रेघ तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे खूण त्याआधीची. ओडेसाबाईंच्या पत्रानंतरची. उखडून टाकायची खूण. पण फोटोत लादी सपाट आहे. सपाट लादी उखडायला सांगणारा इन्स्पेक्टर कुणाच्या पायाची काळजी करत नव्हता. त्याला तिच्यावरचं काहीतरी नको होतं.”

“पण तेव्हा या भागाचा इन्स्पेक्टर तर...” लिंडक्विस्ट बोलता बोलता थांबले.

रेनाता केव्हाच उठली होती. बाहेर जाताना तिने १९११ वर पाय दिला आणि लिंडक्विस्ट त्याबद्दलही काही बोलले नाहीत.

४

नगरपालिकेच्या आवारात उखडलेल्या फुटपाथांचा डोंगर होता. दर शुक्रवारी दुपारी तो खडीक्रशरमध्ये जाई आणि नव्या रस्त्यांखाली परत येई. आज शुक्रवारच होता. सकाळचे साडेदहा.

आवार सांभाळणाऱ्या हेक्टर बारहासने रेनाताच्या फोनवरची पांढरी शेपटी पाहिली आणि त्याला हसू फुटलं.

“ही? ही तर नॉर्बर्टची शेपटी! बाकीचे नुसती फुली मारायचे. त्याची कंबर धरलेली, वाकायचाच नाही. उभ्या उभ्या फवारा मारायचा, म्हणून शेवटचा फराटा दरवेळी शेजारच्या लादीवर. आम्ही त्याच्या निरोप समारंभाच्या केकवर पण काढली होती. तुझा काकाच ना तो? कसा आहे?”

“बरा आहे,” रेनाता म्हणाली.

हेक्टरने नोंदवही काढली. ‘बाराशे चौदा, हेलन. उंचवटा: दोन इंच. धोकादायक. एन. आझेवेदो.’ तारीख चार वर्षांपूर्वीची, निवृत्तीच्या अकरा दिवस आधीची.

दोन इंच. तिच्या धंद्यात दोन इंचांची थाप मारणाऱ्याला ती दुसऱ्या मिनिटाला पकडायची. हा माणूस तिला सायकल शिकवताना मागून धावला होता.

ती डोंगराशी गेली. नवं सिमेंट पांढुरकं असतं. त्या काळचे गवंडी ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून मालात काजळी घालत. पांढऱ्या ढिगात तिने काळपट तुकडे शोधले. अर्ध्या तासाने सापडले, तीन तुकडे, अजून पांढरी फुली अंगावर. हेक्टरच्या मदतीने तिने ते जुळवले, बादलीभर पाणी ओतलं आणि जमिनीला गाल लावून तिरकं बघितलं.

ई. प्रूइट. १९२६.

अक्षरं रस्त्याकडून सुलटी. त्यांच्यावर उलटा आझेवेदो, आणि जिथे जिथे दोन नावं भेटत होती, तिथे आझेवेदोच्या अक्षरांनी प्रूइटची अक्षरं कापली होती. म्हणजे आझेवेदो नंतरचा.

रेनाता तशीच पडून राहिली. काम करणाऱ्याचा गाडा, पाणी, अवजारं, सगळं रस्त्यावर असतं. तो रस्त्याकडूनच शिक्का मारतो. उलटा शिक्का मारणारा घराकडून आला होता. घराच्या दारातून. तोवर सिमेंट आवळत आलं होतं, म्हणून खालचं नाव पुरतं मिटलं नाही. दुपारचं काम संपल्यावर, संध्याकाळी, घराच्या आतून कोण बाहेर पडलं होतं?

दोनदा वाढून घेऊन जेवलेला माणूस.

पणजोबा त्या दिवशी प्यायलेले नव्हते. ते पोटभर जेवून, बाईंना धन्यवाद देऊन, पायऱ्या उतरून खाली आले होते आणि यजमानाचं नाव त्यांनी पायाखाली घेतलं होतं.

“बरं वाटत नाही का?” हेक्टरने विचारलं.

“नाही,” रेनाता म्हणाली. “पण ते आजारपण नाही.”

५

तिओ नॉर्बर्ट स्वयंपाकघरात शनिवारच्या पाहुण्यांसाठी लसणीचे सॉसेज तळत होता. एप्रनवर लिहिलं होतं, ‘पुतणीने दिलंय, काढता येत नाही’.

“मिळाली लादी?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“मिळाली. तीन तुकडे, अजून आवारातच आहेत.”

“अरेरे. वाचता येतं?”

“दोन्ही नावं येतात.”

चुलीवरचं तेल तडतडत राहिलं. त्याने गॅस बंद केला, मग उगाच पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला.

“तुला कधीपासून ठाऊक होतं?” रेनाताने विचारलं.

“त्या सकाळपासून. शपथेवर सांगतो रेना, त्याआधी नाही. त्याआधी मला म्हातारी नुसती गमतीशीर वाटायची.” तो खुर्चीत बसला. “तिने बादली ओतली आणि नाव वर आलं. ती माझ्याकडे बघत होती. अशा आशेने, गं. मला वाटलं, आत्ता बोलावं. मग वाटलं, तीस वर्षं रविवारी लोकांना काय सांगितलं मी? पुलाचा विनोद किती वेळा केला? खिशात फवारा होता. हात गेला.”

“आणि तिला म्हणालास, कुणी हात लावणार नाही.”

“तेवढं एक बोलायला नको होतं,” तो म्हणाला, जणू बाकीचं चाललं असतं. ते त्यालाही ऐकू आलं. त्याने चेहरा एप्रनमध्ये घातला. “वाटलं, महिन्यात नेतील, विषय संपेल. मी निवृत्त झालो, महिना गेला, वर्ष गेलं. दर रविवारी त्या फुलीवरून लोकांना घेऊन चालत होतो मी, आणि तोच विनोद करत होतो. न करावा तर लोक विचारायचे, आज तो पुलाचा नाही का?”

रेनाताला ओरडायचं होतं. पण पाटीवरचं वाक्य तिचं होतं. ‘ज्यांच्या हातांनी.’ लिहिण्यापूर्वी तिने कुणाला विचारलं होतं? तिओला. बाराशे चौदाच्या पाच पायऱ्या चढून जायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“क्रशर दोनला सुरू होतो,” नॉर्बर्ट एप्रनच्या आडून म्हणाला. “आता सव्वाबारा झालेत. नुसते बसून राहिलो आपण, तर...”

वाक्य तिथेच राहिलं. ते पुरं करायची त्याला लाज वाटली, आणि आपण घड्याळाकडे पाहिलं याची तिला.

“गाडीची चावी दे,” रेनाता म्हणाली. “आणि एप्रन काढ. तू पण येतोयस.”

६

शनिवारी दहा वाजता हेलन स्ट्रीटवर साठेक माणसं जमली. लिंडक्विस्ट झाकलेल्या पाटीशेजारी भाषणाचा कागद घेऊन उभे होते. कालपासून त्यांनी तो तीनदा फाडला होता; उरलेल्या कागदावर ‘मित्रहो’ एवढंच होतं.

रेनाताने पाटी कापडासकट उचलून गाडीच्या डिकीत टाकली. मग तिने सांगितलं. नोंदवही, फुली, दोन इंच, तिरपं ऊन, कोंबडीचं जेवण, सगळं. दाव्याचा अहवाल वाचावा तशा कोरड्या आवाजात, कारण दुसरा कुठला आवाज तिच्यापाशी शिल्लक नव्हता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दीतल्या एका काकूंनी, ज्या पुलाच्या विनोदाला नेमाने हसायच्या, पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि शोधतच राहिल्या.

“बुधवारी मी तुमच्यावर चोरीचा...” लिंडक्विस्ट ओसरीकडे बघून म्हणाले.

“पुतण्यांना कळवते मी,” ओडेसाबाई म्हणाल्या. “विमानाचं तिकीट रद्द करतील.”

हसावं की नाही हे कुणालाच कळलं नाही.

तेवढ्यात नॉर्बर्ट गल्लीच्या टोकाकडून आला. एकचाकी हातगाडीत लादीचा सगळ्यात मोठा तुकडा होता. हेक्टरने मदत करतो म्हटलं होतं. त्याने नको म्हटलं होतं. पाच पायऱ्यांच्या खाली त्याने गाडी टेकवली आणि हॅट काढली. यावेळी ती उचलून परत डोक्यावर ठेवली नाही.

“मिस ओडेसा, मी...”

“माफी नंतर,” बाई म्हणाल्या. त्या कठड्याला धरून एक एक पायरी खाली आल्या. हातातल्या पेल्यातलं पाणी त्यांनी तुकड्यावर ओतलं. “माझी नजर गेली आहे. डॉक्टर म्हणतो, मला आता ते वाचता येणार नाही. तू वाच.”

नॉर्बर्ट वाकला. कंबर धरलेली असूनही पुरता वाकला.

“ई. प्रूइट,” तो पुटपुटला.

“ई म्हणजे काय?”

“एझ्रा.”

“मग तसं म्हण. आणि माझ्याकडे बघून नको, मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे बघून.”

नॉर्बर्ट गर्दीकडे वळला. तीस वर्षं रविवारी ज्यांना त्याने हसवलं, त्यांतले निम्मे तिथे होते. त्याचा आवाज रस्त्याच्या मध्यापर्यंत जेमतेम पोहोचला. “एझ्रा प्रूइट.”

रेनाता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मान खाली घालायची सवय तिने महत्प्रयासाने मोडली आणि तीही लोकांकडे पाहू लागली.

“पुन्हा,” ओडेसाबाई म्हणाल्या. “मागच्यांना ऐकू गेलं नाही.”